दिवसभर कोड लिहून थकतो, मग रात्री फॅक्टोरिओ खेळून ताजातवाना कसा होतो?

उलटी रांग (धागाकर्ता)

प्रोग्रामिंगची नोकरी करायला लागून १६ वर्षं झाली. बरीचशी बॅकएंडमध्येच गेली: पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी, त्यांची जुळवाजुळव, रात्री चालणारे बॅच जॉब. काम वाईट नाही, सहकारी चांगले आहेत. तरी गेलं वर्षभर संध्याकाळी लॅपटॉप मिटला की डोक्याचा भुगा झालेला असतो. घरच्यांशी दोन वाक्यं नीट बोलवत नाहीत. आणि सगळं आवरल्यावर मी फॅक्टोरिओ लावतो आणि रात्री एकपर्यंत खेळतो. खेळावरून उठतो तेव्हा थकवा नसतो. उलट उद्या काय काय करायचं याची यादी डोक्यात तयार असते, ती मात्र खेळातली.

बरेच दिवस यात मला काही विशेष वाटलं नाही. खेळ आहे, मजा येणारच. पण मागच्या आठवड्यात मी खेळताना नेमकं काय करतो ते कागदावर लिहून काढलं आणि चक्रावलो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: परक्या ग्रहावर आपलं यान कोसळतं. हाताने खनिज खणण्यापासून सुरुवात करायची आणि हळूहळू सगळं आपोआप चालणारा कारखाना उभा करायचा. खेळाची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून खेळत होते. यात सगळा खेळ प्रवाहाचा आहे. पिवळा बेल्ट, म्हणजे माल वाहणारा सरकता पट्टा, सेकंदाला १५ वस्तू वाहतो. दगडी भट्टीला लोखंडाची एक प्लेट करायला ३.२ सेकंद लागतात. म्हणजे एक बेल्ट पूर्ण भरायचा तर ४८ भट्ट्या हव्यात. हिरव्या सर्किटसाठी तांब्याची तार करणारी तीन मशीन असतील तर सर्किट करणारी दोन. हे आकडे मी पाठ केलेले नाहीत, ते हाताला बसले आहेत.

मी लिहिलं ते असं. रात्री साडेदहा ते एक: सर्किटचा पुरवठा कमी पडतोय, कारण शोधलं. अडथळा तांब्यात निघाला. तीन आठवड्यांपूर्वी घाईत केलेली जोडणी उखडून पुन्हा मांडली. मग लक्षात आलं की मध्ये ठेवलेल्या पेटीने खरा तुटवडा इतके दिवस झाकून ठेवला होता. पेटी भरलेली होती तोवर पुढची मशीन चालत होती. पेटी रिकामी झाली तेव्हा सगळं एकदम थांबलं, आणि मूळ बिघाड तर कितीतरी आधीचा.

आता त्याच दिवशीचं ऑफिसचं काम: व्यवहार उशिरा नोंदले जात आहेत, कारण शोधलं. अडथळा एका जुन्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणेत, निघाला. मध्ये असलेल्या मेसेज क्यूने, म्हणजे निरोप रांगेत साठवून ठेवणाऱ्या भागाने, तो बरेच दिवस झाकून ठेवला होता.

काम तेच. विचार करण्याची पद्धत तीच. एकाने मी पिळून निघालो, दुसऱ्याने तरतरीत झालो. मग थकवा येतो कशाचा?

माझं सध्याचं उत्तर सांगतो. हात आणि परिणाम यांच्यातल्या अंतराचा थकवा येतो. खेळात मी बेल्ट वळवला की प्लेट वळताना मला दिसतात. फॅक्टोरिओचं जग सेकंदाला ६० वेळा पुढे सरकतं, म्हणजे माझ्या कृतीला उत्तर साधारण १६ मिलिसेकंदांत तयार असतं. ऑफिसात मी लिहिलेली ओळ आधी रिव्ह्यूला जाते, मग टेस्टिंगला, मग रिलीजची वाट बघत बसते. ती खऱ्या माणसापर्यंत पोहोचते तेव्हा पाच आठवडे उलटलेले असतात. ती मी का लिहिली हेही तोवर पुसट झालेलं असतं. ती कोणाच्या उपयोगी पडली का, हे तर कळतच नाही.

याबाबतीत मला स्पेस इन्व्हेडर्सची गोष्ट फार आवडते. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तो खेळ केला, त्याचं हार्डवेअरसुद्धा त्यांनीच जुळवलं. पडद्यावर इतके परग्रहवासी एकाच वेळी हलवणं त्या प्रोसेसरला झेपत नव्हतं. खेळाडू एकेकाला मारत गेला की चितारायचे कमी उरत आणि उरलेले आपोआप वेगाने धावू लागत. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, कारण खेळताना ते चांगलं लागत होतं. खेळ जसा पुढे जातो तसा अवघड होत जातो ही आज गृहीत धरलेली गोष्ट अशी आली. आमच्याकडे हीच गोष्ट ‘शेवटी वेग वाढतो’ अशा नावाने तिकीट, म्हणजे दुरुस्तीची मागणी, म्हणून नोंदली गेली असती, आणि ज्याने ती दुरुस्त केली असती त्याने तो खेळ एकदाही खेळलेला नसता. निशिकादोंचा हात आणि त्यांचा परिणाम एकाच टेबलावर होते.

उलट बाजूचा अनुभव माझाच. एका आधीच्या नोकरीत मी सात महिने एक मॉड्यूल नव्याने लिहिलं. मन लावून लिहिलं. टेस्ट सगळ्या पास. शेवटच्या आठवड्यात ते बाजूला ठेवायचं ठरलं. कारण कोणी सांगितलं नाही, विचारल्यावरही नाही. कोड चुकीचा असता तर मला सोसलं असतं. तो एकदाही कोणासाठी चालला नाही, हे आजही सलतं.

आणि तिसरा अनुभव, ज्यामुळे हा धागा काढतोय. दोन महिन्यांपूर्वी मी हट्ट करून आमची स्क्रीन वापरणाऱ्या हिशेब विभागात दोन अर्धे दिवस नुसता बसलो. तिथल्या एक बाई प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक आधी कागदावर उतरवून घेत होत्या. का, तर मागच्या पानावर गेलं की आमची स्क्रीन तो क्रमांक विसरायची. चार वर्षं त्या हे करत होत्या. त्यांना वाटायचं सिस्टीम अशीच असते. दुरुस्तीला मला ४० मिनिटं लागली. आमच्या टीम लीडने ती त्याच संध्याकाळी पुढे जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कागद नव्हता. त्या दिवशी घरी आलो तेव्हा मी थकलेलो नव्हतो, आणि खेळ लावावासाही वाटला नाही.

तुमचा अनुभव काय? विशेषतः जे प्रोग्रामिंगही करतात आणि खेळतातही, त्यांनी सविस्तर लिहा.

---

रात्रपाळी

पेटीच्या उदाहरणाला +१. क्यू म्हणजे दुखणं झाकणारी गोळी, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. क्यूची लांबी बघू नका, ती वाढते आहे की घटते आहे ते बघा.

मी टिस-१०० हा कोड्यांचा खेळ खेळलोय, २०१५ चा. त्यात चक्क असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची भाषा, लिहायची असते. एकेका नोडमध्ये, म्हणजे छोट्या प्रोसेसरमध्ये, फक्त १५ ओळी मावतात, आकडे उणे ९९९ ते ९९९ एवढेच. दिवसभर कोड लिहून घरी येऊन पुन्हा कोडच, तेही १५ ओळींच्या कोंडवाड्यात, आणि मी आनंदाने रात्री जागवल्या. कोडं सुटलं की तो खेळ तीन आलेख दाखवतो: किती सायकल (यंत्राची पावलं) लागल्या, किती नोड वापरले, किती सूचना लिहिल्या, आणि बाकीचे खेळाडू कुठे आहेत. तिन्हीत एकदम अव्वल येणं बहुधा जमत नाही. वेगासाठी जागा खर्चावी लागते, जागा वाचवायची तर वेग जातो. कशाला महत्त्व द्यायचं ते माझ्यावर सोडलेलं असतं.

ऑफिसात मला एकच आलेख दिसतो: झालं का नाही झालं. मी ते कसं केलं, काय वाचवलं, काय मुद्दाम सोडलं, हे बघणारं कोणी नाही. त्यामुळे तुमच्या अंतराच्या मुद्द्यात मी एक भर घालेन. परिणाम नुसता लवकर दिसून भागत नाही, तो पुरेसा बारीक दिसायला हवा.

---

खेळघर

लेख मनापासून लिहिला आहे, पण मला तो अर्धाच पटला. मी नऊ वर्षं गेम बनवते, तीच माझी नोकरी. तुमच्या हिशेबाने मी सर्वांत ताजीतवानी असायला हवी, कारण माझ्या कोडचा परिणाम मला दोन सेकंदांत पडद्यावर दिसतो. प्रत्यक्षात घरी गेल्यावर मला कंट्रोलर हातात धरवत नाही.

एका खेळातल्या उडीवर मी तीन आठवडे काम केलं. उडी म्हणजे बटण दाबलं की पात्र वर जातं, एवढंच खेळाडूला माहीत असतं. प्रत्यक्षात खेळाडू कडेवरून पाऊल निसटल्यावर बटण दाबतो आणि त्याला ठाम वाटतं की आपण वेळेत दाबलं. म्हणून कडा सुटल्यावरही थोडा वेळ उडी मान्य करायची असते. सेलेस्ट या २०१८ च्या खेळात ही सवलत सेकंदाच्या दहाव्या भागाची आहे. तो कोड त्यांनी जाहीर केलेला आहे, जरूर वाचा, फार शिकायला मिळतं. तसंच, जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी द्यायची असते. वर जाताना एक गुरुत्वाकर्षण, खाली येताना दुसरं. हे सगळं जमलं की खेळाडू म्हणतो, ‘हाताला छान लागतंय.’ का ते त्याला सांगता येत नाही, आणि येऊही नये.

त्या तीन आठवड्यांत मी तीच उडी हजारो वेळा मारली असेल. परिणाम डोळ्यांसमोर, लगेच, बारीक. तरी शेवटी मला तिचा वीट आला होता. कारण उडी कशी असावी हे मी ठरवत नव्हते. रोज संध्याकाळी वरून निरोप यायचा, आज थोडी जड करा, आज थोडी हलकी करा, आणि का ते कधीच कळायचं नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्न अंतराचा नाही, निर्णयाचा आहे. कागदवाल्या बाईंची दुरुस्ती तुम्ही स्वतः शोधली, स्वतः ठरवली. तीच दुरुस्ती तिकीट म्हणून आली असती आणि परिणाम त्याच संध्याकाळी दिसला असता, तरी तुम्ही एवढे खूश झाला असता का?

आणि एक. फॅक्टोरिओत तुम्हाला जे १५ आणि ४८ सापडतात ते निसर्गातून आलेले नाहीत. कोणीतरी ते आकडे बदलून, खेळून, पुन्हा बदलून तिथे आणलेत, तुम्हाला दर वीस मिनिटांनी सुटेल असा एक प्रश्न समोर यावा म्हणून. ऑफिसचे प्रश्न असे कोणी मांडून देत नाही. ही तुलना करताना त्या अनोळखी माणसांच्या मेहनतीची आठवण ठेवावी एवढंच.

---

जुना सांधा

मी निवृत्त आहे, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या काळात निर्णय आणि परिणाम दोन्ही हातात असायचे, कारण माणसंच कमी होती आणि यंत्रही एवढंसं. अटारी २६०० या जुन्या घरगुती खेळयंत्रात रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. या उत्तरात त्याहून जास्त अक्षरं आहेत.

डेव्हिड क्रेन यांनी त्यावर १९८२ मध्ये पिटफॉल हा खेळ केला. जंगलाचे २५५ पडदे, आणि कार्ट्रिज ४ किलोबाइटचं. पडदे साठवायला जागाच नाही. मग त्यांनी ते साठवलेच नाहीत. एक बाइट घेतला, म्हणजे आठ बिटांचा (शून्य किंवा एक) ० ते २५५ मधला आकडा. उजवीकडे गेलं की त्याचे बिट एका ठरलेल्या रीतीने सरकवायचे, काही बिटांची आपसात बेरीज करून मोकळ्या जागी नवा बिट घालायचा. नवा आकडा मिळतो, आणि त्याचे बिटच सांगतात की झाडं कशी, खड्डा आहे की तळं, ओंडके किती. शून्य सोडून २५५ आकडे या पद्धतीने एकदाच येतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. खरी खुबी अशी की ही क्रिया उलटीही करता येते. म्हणून डावीकडे परत गेलं की तेच मागचं जंगल दिसतं. नकाशा नाही, तरी वाट चुकत नाही. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री झोपलो नव्हतो.

मर्यादा माणसाला थकवत नाही, असं माझं मत आहे. रात्रपाळी यांच्या १५ ओळी घ्या किंवा हे १२८ बाइट. मर्यादा मोठी असो की छोटी, ती स्थिर असली की तिच्याशी झुंजता येतं. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात मला दमवलं ते दर तिमाहीत हलणाऱ्या मर्यादांनी.

---

सहजच

जुना सांधा, एका बाइटवरून आठवलं. सिव्हिलायझेशन या साम्राज्य उभारायच्या खेळातल्या गांधींचा किस्सा माहीत असेलच. त्यांची आक्रमकता सगळ्यात कमी म्हणजे १ ठेवली होती, लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे, आणि उणे आकडा बाइटमध्ये बसत नसल्याने तो २५५ व्हायचा. मग गांधी सगळ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचे. चुकीतून घडलेला गमतीदार परिणाम, स्पेस इन्व्हेडर्ससारखाच.

---

जुना सांधा

सहजच, हा किस्सा मीही बरीच वर्षं सांगत होतो, म्हणून सांगतो: तो खरा नाही. त्या खेळाचे कर्ते खुद्द सिड मायर यांनी २०२० मध्ये आलेल्या आत्मकथनात लिहिलं की मूळ खेळात असा दोष नव्हताच. पाचव्या भागात, २०१० मध्ये, मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडे कल मुद्दाम वाढवून ठेवला होता. मूळ खेळातल्या दोषाची कथा लोकांनी एकमेकांना सांगून पक्की केली.

बाइट भरून वाहण्याचं खरं उदाहरण हवं तर पॅकमॅन घ्या, १९८०. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये. २५६ व्या पातळीला फळं चितारणारा भाग गोंधळतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं-आकड्यांच्या कचऱ्याने भरतो. ती पातळी पूर्ण करता येत नाही. कोणी तिथवर पोहोचेल असं करणाऱ्यांना वाटलं नसावं.

---

अल्पविराम

मी टेस्टर आहे. धाग्यात सगळे लिहिण्याबद्दल बोलतायत, शोधण्याबद्दल कोणी नाही, म्हणून थोडं लिहिते.

क्रॅश बँडिकूट हा १९९६ चा प्लेस्टेशनवरचा खेळ. त्याचे एक प्रोग्रामर डेव्ह बॅगेट यांनी पुढे एका दोषाची हकीकत लिहिली. खेळ मेमरी कार्डवर साठवताना कधीकधी कार्डावरचा मजकूरच बिघडायचा. कधीकधी, हा शब्द आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट. त्यांनी कोडचे तुकडे एकेक करून काढायला सुरुवात केली. अर्धा काढला, दोष आहेच. आणखी काढला, आहेच. शेवटी जवळजवळ काही उरलं नाही तेव्हा दिसलं की टायमर सेकंदाला १००० ठोक्यांवर ठेवला आणि त्याच वेळी कंट्रोलर हलवला की बिघाड होतो. कोडमध्ये चूक नव्हतीच. यंत्राच्या बोर्डावर एका भागातले विजेचे सूक्ष्म बदल दुसऱ्या भागाला उपद्रव देत होते.

हे आठवडे-आठवडे चाललं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, केवढी दगदग. पण मी अशा शोधात असते तेव्हा मला भूक-झोप कळत नाही, कारण प्रत्येक पावलाला हो किंवा नाही असं उत्तर मिळतं. हजार बदलांमध्ये दोष कुठे शिरला ते अर्धं-अर्धं करत गेलं तर दहा पायऱ्यांत सापडतं. दहा प्रश्न, दहा उत्तरं. खेळघर म्हणतात तसा इथे निर्णय माझा असतो का? पुढे कुठे बघायचं हा निर्णय माझाच असतो, आणि कोणी मध्ये पडत नाही. दोष सापडला की मग बैठका सुरू होतात, आणि थकवाही तिथूनच.

---

उलटी रांग (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. खेळघर, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. प्रामाणिकपणे सांगतो, तिकीट म्हणून ती दुरुस्ती आली असती तर मी ती ४० मिनिटांत केली असती आणि विसरलो असतो. बाईंचा कागद मी पाहिला होता म्हणून फरक पडला. तेव्हा निर्णयाचा मुद्दा मान्य. पण सात महिन्यांच्या त्या मॉड्यूलमध्ये सगळे निर्णय माझेच होते, कोणीही ढवळाढवळ केली नव्हती. तरी ते मला पोकळ करून गेलं. म्हणजे दोन्ही लागतं. ठरवणारा मीच असायला हवा, आणि ठरवलेलं कुठे जाऊन पडलं ते मला दिसायला हवं. यातलं एकही निसटलं की उरलेलं पुरत नाही.

फॅक्टोरिओमागच्या मेहनतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. दर वीस मिनिटांनी सुटणारा प्रश्न कोणीतरी मांडून ठेवलाय, हे मला सुचलंच नव्हतं.

---

रात्रपाळी

पुन्हा येतो, कारण एक गोष्ट पहिल्या वेळी लिहायची टाळली होती.

उलटी रांग, तुम्ही पेटीचं लिहिलंत. पेटी भरलेली असते तोवर पुढची मशीन चालतात आणि मागचा तुटवडा दिसत नाही. तुमच्या बाबतीत हा खेळच ती पेटी नाही ना, हे एकदा तपासा. मी एका वर्षात ९०० तास खेळलो. सगळ्यांना सांगायचो की खेळामुळेच मी कामाचा ताण झेलू शकतो. खरं होतं ते. झेलू शकत होतो म्हणून दोन वर्षं जास्त झेलत राहिलो. रात्री दोनला झोपून सातला उठायचो आणि सकाळच्या चिडचिडीचा दोष ऑफिसला द्यायचो. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा दाखवला तेव्हा कळलं की बिघाड फार आधीचा आहे.

खेळ वाईट असं मी म्हणत नाही, आजही खेळतो. पण रात्री एकला उठताना थकवा नसतो असं तुम्ही लिहिलंय. सकाळी सातला कसं वाटतं ते लिहिलेलं नाही.

---

उलटी रांग (धागाकर्ता)

सकाळी सातला बरं वाटत नाही. विचारलंत ते चांगलं केलंत. आठवडाभर खेळ बंद ठेवून बघतो. आणि महिन्यातून एक दिवस हिशेब विभागात बसायची परवानगी मागितली आहे. तूर्त एकदाच जा, मग बघू, असं उत्तर आलंय.

---

पहिली कमिट

नमस्कार. मी सगळ्यात लहान असेन इथे, नोकरीला आठच महिने झालेत. गेम बनवायचे म्हणून प्रोग्रामिंग शिकलो आणि आता फॉर्मच्या स्क्रीन बनवतो. धागा वाचून शनिवारी कॉलेजात अर्धवट सोडलेला माझा छोटा खेळ उघडला. चेंडू, फळी, भिंती. माझ्या यंत्रावर नीट चालतो, पण मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर चेंडू मधूनच भिंतीतून आरपार जातो. दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) किती वेळ गेला ते मोजून वेगाने गुणतो आणि तेवढा चेंडू पुढे सरकवतो. यात काय चुकतंय? धाग्याच्या विषयाला सोडून असेल तर क्षमस्व.

---

खेळघर

अजिबात सोडून नाही. तुमचा चेंडू सेकंदाला ६०० पिक्सेल जातो असं धरा. मित्राचं यंत्र एका फ्रेमवर २०० मिलिसेकंद अडकलं, तर तुम्ही चेंडू एका उडीत १२० पिक्सेल सरकवता. भिंत २० पिक्सेल जाडीची. चेंडू आधीच्या फ्रेमला अलीकडे होता, आता पलीकडे. भिंतीला तो कधी टेकलाच नाही, मग टक्कर सापडणार कुठून?

गेलेला वेळ एका व्हेरिएबलमध्ये साठवत जा. त्यात एक साठांश सेकंद जमला की चेंडू तेवढ्याच पावलाने, म्हणजे १० पिक्सेल, पुढे न्या आणि टक्कर तपासा. तेवढा वेळ वजा करा. साठा उरला असेल तर पुन्हा एक पाऊल. एक साठांशापेक्षा कमी उरलं की थांबा आणि ते पुढच्या फ्रेमला वापरा. चितारणं कितीही हळू होवो, खेळाचं जग नेहमी सारख्याच पावलांनी चालेल. साठ्याला वरची मर्यादा घाला, पाव सेकंद वगैरे, नाहीतर मंद यंत्र मागचं पाऊल भरून काढताना आणखी मागे पडत जाईल.

---

उलटी रांग (धागाकर्ता)

फॅक्टोरिओही असाच ठरलेल्या पावलांनी चालतो. म्हणून तर चार जण चार यंत्रांवर एकच कारखाना खेळू शकतात. प्रत्येक यंत्र स्वतःच सगळं मोजतं आणि एकमेकांना फक्त खेळाडूंनी काय केलं तेवढं कळवतं. पहिली कमिट, मित्राच्या लॅपटॉपवर काय झालं ते नक्की लिहा.

---

पहिली कमिट

झालं! काल रात्री मित्राकडे जाऊन बसलो. मुद्दाम मागे व्हिडिओ रेंडर करायला लावून त्याचं यंत्र रडकुंडीला आणलं. चित्र अडखळत होतं, पण चेंडू एकदाही भिंतीतून गेला नाही. मग मित्राने फळी माझ्या हातून घेतली आणि परत दिलीच नाही.